नववीच्या पुस्तकापासून कॅल्क्युलसपर्यंत

ऑगस्ट २०२३. पतसंस्थेत जेवणाची सुट्टी होती. डबा उघडायच्या आधी मोबाइलवर निकाल उघडला. एम. ए. अर्थशास्त्र, पहिलं वर्ष, चार पेपर. तीन सुटले होते. चौथ्यापुढे आकडा होता १७. शंभरपैकी. पास व्हायला ४० लागतात.

तो पेपर म्हणजे 'संख्यात्मक पद्धती'. त्यातला निम्म्याहून जास्त भाग कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या दराचं गणित. पुढच्या जूनमध्ये तोच पेपर परत दिला आणि सुटला. मधल्या दहा महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतेय. माझ्यासारखी कला शाखेतून आलेली, मराठी माध्यमातली मुलं-मुली ह्याच पेपरपाशी अडकतात आणि बऱ्याच जणांची एम. ए. तिथेच राहून जाते.

आधी माझी पाटी किती कोरी होती ते सांगते. दहावीला गणितात ४६. त्यानंतर गणिताला कोपरापासून हात जोडले. अकरावी-बारावी कला, मग जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला बी. ए. अर्थशास्त्र, सगळं मराठीतून. २०१९ला पदवी झाली आणि पतसंस्थेत लागले. जुलै २०२२मध्ये मुक्त विद्यापीठात एम. ए.ला प्रवेश घेतला. अर्ज ऑनलाइन. पदवीचं गुणपत्रक, आधार, जातीचा दाखला, फोटो आणि सही स्कॅन करून टाकायची. पहिल्या वर्षाची फी साडेसात हजारांच्या आसपास गेली. एक चूक तेव्हाच झाली, तिचे चटके पुढे बसले. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. अर्जात मी गुणपत्रकासारखं नाव भरलं. ओळखपत्र आलं तेव्हा बाबांचं नाव माझं आडनाव होऊन बसलं होतं. अर्ज भरताना नावाचे तीन रकाने दोनदा वाचा आणि पाठवण्याआधी कोणाला तरी दाखवा.

आता कबुलीजबाब. पहिल्या वर्षीची असाइनमेंट मी स्वतः सोडवली नव्हती. तयार उत्तरांची पीडीएफ तेव्हा ५० रुपयांना मिळाली, ती उतरवून काढली. सुवाच्य अक्षरात, समासबिमास आखून. ७२ गुण मिळाले. त्या ७२मुळे मला वाटलं की आपल्याला थोडंफार येतंय. जूनमध्ये जळगावच्या केंद्रावर प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा कळलं की मी चित्रं काढली होती. तीन तासांपैकी दोन तास पंख्याकडे बघत बसले. उन्हाळा संपत आला होता तरी जळगाव ते जळगाव, पेनसुद्धा हातात घसरत होतं.

निकालानंतर महिनाभर जे सगळे करतात तेच मी केलं. सातशे रुपयांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं आणि यूट्यूबवर 'अर्थशास्त्रासाठी कॅल्क्युलस' शोधलं. व्हिडिओ बघताना सगळं कळायचं. बंद केला आणि वही उघडली की दुसऱ्या ओळीवर गाडी अडायची. मला वाटायचं, डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर काढणंच, डोक्यात शिरत नाहीये. म्हणून आणखी एक व्हिडिओ.

सप्टेंबरच्या शेवटी पतसंस्थेत आमचे एक जुने खातेदार आले. गणिताचे निवृत्त शिक्षक, मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला. पावती छापून होईपर्यंत मी सहज विषय काढला. ते म्हणाले, "संध्याकाळी वही घेऊन ये. नवी नको, जी खराब केलीस ती आण."

त्यांनी वहीची आठ-दहा पानं उलटली. पेन्सिलीने नुसत्या खुणा करत गेले, बोलले काहीच नाही. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. मग सर म्हणाले, "पोरी, डेरिव्हेटिव्हचा नियम तू सगळीकडे बरोबर लावलाहेस. हे बघ, इथे, इथे, आणि इथेसुद्धा. तू मरतेस ती त्याच्या पुढच्या ओळीत. तुला अपूर्णांकांची बेरीज येत नाही. आणि घातांक ऋण झाला की तू डोळे मिटून घेतेस."

मी वही परत बघितली. खरंच होतं. एक भागिले क्ष म्हणजे क्षचा ऋण एक घात, वर्गमूळ म्हणजे अर्धा घात, हे मला कधी कळलंच नव्हतं. ते कळल्याशिवाय नियम लावणार कशाला? कंसाबाहेर वजा असेल तर आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं, हे मी पहिल्या पदापुरतं पाळायचे आणि पुढे विसरायचे. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना मधलं दुप्पट पद मी दर वेळी खाऊन टाकायचे. १७ गुणांचा सगळा हिशोब ह्या चार-पाच चुकांत निघाला.

मग सरांनी जे सांगितलं ते ऐकून लाज वाटली. "आठवी आणि नववीचं पुस्तक काढ. दिवाळीपर्यंत दुसरं काही उघडायचं नाही." बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मला लागणारे धडे, म्हणजे घातांक, बहुपदी, अवयव, समीकरणं, गुणोत्तर, मी झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले. साधारण दीडशे पानं, बाइंडिंगसह २१० रुपये. माझा भाचा तेव्हा नववीत होता, शिकायला आमच्याकडेच राहतो. त्याने ते बाड बघितलं आणि विचारलं, "मावशी, तू नापास होऊन खाली आली का?" दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवसापासून माझी उदाहरणं तोच तपासायला लागला, लाल पेनने, आणि शेरेसुद्धा मारायचा.

पहाटे पाच ते साडेसहा हा माझा वेळ. आमचं गाव अमळनेरपासून सात-आठ किलोमीटरवर, पहाटे मोटरींना वीज येते तेव्हा बाबा उठून रानात जातात, त्यांच्याबरोबर मी उठायचे. रोज दहा उदाहरणं, जास्त नाही. आणि आदल्या दिवशीची चुकलेली आधी. 'चुकांची वही' अशी एक वेगळी वही केली होती, तिच्यात फक्त चुकलेली ओळ आणि तिच्याखाली बरोबर ओळ. महिन्याभरात त्याच त्याच सहा चुका पानोपानी दिसायला लागल्या. मग एकेक कमी होत गेली. ह्या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल तर ह्या वहीचा. वीस रुपयांची आहे.

दिवाळीनंतर सरांनी बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक आणायला सांगितलं. गणिताचं नव्हे, अर्थशास्त्राचं. त्यात उपयोगिता विश्लेषणाचा धडा आहे, कला शाखेच्या प्रत्येकाने घोकलेला. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत, आणि त्याखाली तक्ता. तसाच एक तक्ता त्यांनी वहीत मांडला. केळी एक ते सात. एकूण उपयोगिता १०, १८, २४, २८, ३०, ३०, २८. सीमांत उपयोगिता, म्हणजे आणखी एक केळं खाल्ल्यावर पडणारी भर, १०, ८, ६, ४, २, शून्य, आणि सातव्या केळाला उणे २. सीमांत शून्य होते तिथे एकूण महत्तम. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, बारावीला असायचं.

मग त्यांनी खाली एक सूत्र लिहिलं. एकूण उपयोगिता म्हणजे ११ क्ष वजा क्षचा वर्ग. क्षच्या जागी १, २, ३ घालून बघ म्हणाले. १०, १८, २४... तक्ता जसाच्या तसा बाहेर आला. आता विकलन कर, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढ. ११ वजा २ क्ष. शून्याशी मांड. क्ष बरोबर साडेपाच.

मी अडले. तक्त्यात तर सहाव्या केळाला सीमांत शून्य आहे, आणि सूत्रात ६ घातलं की उणे १ येतंय. कोण खोटं बोलतंय? सर खूश झाले. म्हणाले, हा प्रश्न पडायला लोकांना वर्ष लागतं. तक्त्यातलं शून्य सहाव्या केळापाशी नाहीच मुळी. पाच केळी ते सहा केळी ह्या अख्ख्या पावलाची ती सरासरी आहे. सूत्र विचारतं की ह्या क्षणी, ह्या बिंदूवर किती. पाऊल लहान लहान करत न्यायचं, अर्धं केळं, पाव केळं, त्याहून लहान, आणि तो फरक कुठे स्थिरावतो ते बघायचं. ह्यालाच सीमा म्हणतात. इंग्रजी पुस्तकातल्या लिमिटच्या प्रकरणात मी तीन आठवडे घालवले होते.

त्यांनी रेल्वेचं उदाहरण दिलं ते अजून डोक्यात आहे. अमळनेर ते जळगाव साधारण ५५ किलोमीटर, पॅसेंजरला सव्वा तास. सरासरी ताशी ४४. पण धरणगावला गाडी उभी असते तेव्हा वेग शून्य असतो, आणि पाळधीच्या अलीकडे ती सुसाट सुटते. ४४ हा आकडा प्रवासाचा आहे, कुठल्याच क्षणाचा नाही. अर्थशास्त्रात सरासरी खर्च आणि सीमांत खर्च ह्यांचा घोळ होतो तो इथेच.

'तात्कालिक गती' हा शब्दही त्यांनीच सांगितला. भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची अशी त्या त्या क्षणाची गती विचारात घेतली होती. आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथल्या देवळात १२०७चा शिलालेख आहे. जानेवारीत एका रविवारी मी पाटणादेवीला जाऊन आले. दगडावरची अक्षरं मला काही लागली नाहीत. पण त्या लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि त्यात काय आहे माहितीये? पाटणच्या बाजारात जो माल विकायला निघेल त्यावरचा राजाचा कर मठाला दिला, असं. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराच्या करातून! सार्वजनिक वित्ताच्या पेपरात हे लिहिता आलं असतं तर बहार आली असती.

डिसेंबरची परीक्षा मी मुद्दाम सोडली. फॉर्म भरायचा मोह झाला होता, कारण वर्ष वाया जातंय असं घरी-दारी सगळे म्हणत होते. पण नियमांचा हात बसला नव्हता.

ते नियम, म्हणजे घाताचा, गुणाकाराचा, भागाकाराचा आणि साखळी नियम, मला बारावी वाणिज्यच्या गणिताच्या पहिल्या भागातून जमले. हेही बालभारतीचंच, मला मिळालं ते इंग्रजीत. विकलनाचे उपयोग ह्या धड्यात सीमांत खर्च, सीमांत प्राप्ती, मागणीची लवचिकता (किंमत एक टक्क्याने बदलली तर मागणी किती टक्क्यांनी बदलते) अशी आपलीच उदाहरणं आहेत. सातशे रुपयांच्या पुस्तकापेक्षा मला हे फुकटचं जास्त उपयोगी पडलं. मराठी शब्दांचा मात्र घोळ आहे. कुठे विकलन, कुठे अवकलन. कुठे संकलन, कुठे समाकलन. पहिली जोडी म्हणजे डिफरन्सिएशन, दुसरी म्हणजे इंटिग्रेशन. पहिल्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लावून ठेवा. आलेख बघायला फोनवर जिओजेब्रा घ्या, फुकट आहे. सूत्र टाकलं की वक्र दिसतो, आणि वक्र डोळ्यांना दिसला की निम्मी भीती जाते.

फेब्रुवारीत एका रात्री ओट्यावर बसून लिहीत होते. बाबांनी विचारलं, "काय करी ऱ्हायनी व माय?" म्हटलं, खताचा हिशोब. ते शेजारी बसले. मी कृषी केंद्राच्या बिलाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं. आकडे माझ्या मनचे होते. समजा कापसाचं एकरी उत्पादन ४ क्विंटल, अधिक १.२ गुणिले गोण्या, वजा ०.२ गुणिले गोण्यांचा वर्ग. सीमांत उत्पादन १.२ वजा ०.४ गुणिले गोण्या. ते शून्य होतं तीन गोण्यांवर. म्हणजे सगळ्यात जास्त कापूस तीन गोण्यांना, ५.८ क्विंटल. पण डीएपी खताची गोणी १३५०ची आणि कापूस धरा सात हजार रुपये क्विंटल, त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ७०२० होता. गोणीची किंमत कापसात मोजली तर ०.१९ क्विंटल. सीमांत उत्पादन ०.१९पाशी येतं ते अडीच गोण्यांवर, नफा तिथे महत्तम. शेवटच्या अर्ध्या गोणीला ६७५ रुपये जातात आणि हातात येतो पाच किलो कापूस, ३५० रुपयांचा.

बाबांनी बिल उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, "जास्ती खत टाकं तं नुसतं झाड वाढस. हाई माले बी म्हाईत शे." आणि झोपायला गेले.

तेव्हा थोडा हिरमोड झाला होता. पण महत्तम उत्पादन आणि महत्तम नफा ह्या दोन वेगळ्या जागा आहेत, हे त्या बिलावर मांडल्यापासून मी कधी चुकले नाही. परीक्षेत नेमकं त्याच जातीचं उदाहरण आलं.

लॉगचं (लॉगॅरिदम, घातांकाचं उलट गणित) प्रकरण मी टाळत होते. अमळनेरच्या माणसाला खरं तर ते टाळायचं कारण नाही. १९४५ला विप्रो इथेच वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, आणि कोणाच्या तरी आजोबांनी घेतलेल्या शेअर्सची गोष्ट इथे प्रत्येक ओट्यावर ऐकायला मिळते. थोडक्याचे कोटी झाले हे सगळे सांगतात, पण दर वर्षी किती टक्क्यांनी, हे कोणी सांगत नाही. लॉगचं काम तेच. लॉगमधला छोटा बदल म्हणजे टक्केवारीतला बदल. एवढं एक वाक्य कळलं की लवचिकता म्हणजे लॉग मागणीचं लॉग किमतीच्या संदर्भातलं विकलज (डेरिव्हेटिव्ह), हे आपोआप येतं. कॉब-डग्लसचं उत्पादन फलन, म्हणजे श्रम आणि भांडवल घातलं की उत्पादन किती हे सांगणारं सूत्र, तेही सरळ होतं. १९२८मध्ये त्या दोघांनी अमेरिकेतल्या कारखानदारीच्या १८९९ ते १९२२च्या आकड्यांवर ते बसवलं. श्रमाचा घातांक पाऊण, भांडवलाचा पाव. लॉग घेतला की तेच घातांक लवचिकता होतात. मजूर एक टक्क्याने वाढले तर उत्पादन पाऊण टक्क्याने. ज्या घातांकांना मी घाबरत होते ते इथे येऊन अर्थ सांगायला लागले.

अंशतः विकलन त्या मानाने सोपं गेलं. 'इतर परिस्थिती कायम असता' हे वाक्य आपण अकरावीपासून लिहितोय, तेच चिन्हांत. लाग्रांजची पद्धत, म्हणजे बजेटसारखं बंधन असताना महत्तम शोधायची, मार्च-एप्रिलमध्ये यंत्रासारखी पाठ केली, अर्थ नंतर कळला. तिच्यातलं लॅम्डा हे ग्रीक अक्षर म्हणजे बजेटमध्ये एक रुपया वाढला तर समाधान किती वाढेल, ते. संकलनात मी फक्त उपभोक्त्याच्या संतोषाधिक्यापुरतं (गिऱ्हाईक द्यायला तयार असलेली आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत ह्यांतला फरक) केलं आणि बाकी सोडलं. सरांना ते आवडलं नाही.

परीक्षेचा फॉर्म भरताना पुन्हा नावाने दगा दिला. फी तेव्हा प्रत्येक पेपरला २०० रुपये होती. पैसे खात्यातून गेले, पण पोर्टलवर 'प्रलंबित' दिसत राहिलं. घाईने दुसऱ्यांदा भरू नका. मी दोन दिवस थांबले, मग आपोआप पावती आली. माझ्याबरोबरच्या एकीने दोनदा भरले, तिचे जादाचे पैसे परत यायला चार महिने लागले. प्रवेशपत्रावर नाव तेच चुकीचं. अभ्यास केंद्रावर गेले तर त्यांनी सांगितलं की गुणपत्रक आणि आधार दोन्ही मूळ प्रती बरोबर ठेवा, चालून जाईल. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा गेली.

१२ जून २०२४, दुपारी दोन ते पाच, जळगाव. सकाळच्या गाडीने गेले. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, पण घशाखाली उतरेना. केंद्रावर प्रवेशपत्र आणि आधार बघून पर्यवेक्षकांनी विचारलं, "ही तुम्हीच का?" गुणपत्रक दाखवलं, मग बसू दिलं. पहिली दहा मिनिटं मी काहीच लिहिलं नाही, सगळे प्रश्न वाचून येणाऱ्यांवर बारीक टिंब दिलं. पाच टिंबं झाली. नफ्याच्या उदाहरणात दुसऱ्या क्रमाची अटसुद्धा, म्हणजे सापडलेली जागा महत्तमच आहे ना ते, तपासून लिहिली. लाग्रांजमध्ये शेवटी एक चिन्ह चुकलं, ते बाहेर आल्यावर पाळधीपाशी गाडीत आठवलं. एक मोठा प्रश्न तसाच सोडला, संकलनाचा. सरांना अजून सांगितलेलं नाही.

ऑगस्टअखेर निकाल लागला. ५४. असाइनमेंटचे जुने ७२ तसेच पुढे धरले गेले. त्यांच्याकडे बघून आता बरं वाटत नाही, पण गुणपत्रकावर तेही आहेत.

खर्चाचं विचाराल तर प्रवेशाची फी सोडून साधारण दीड हजार. झेरॉक्स, वह्या, दोनशेची परीक्षा फी, जळगावच्या चार फेऱ्या. त्यात सातशे त्या पुस्तकाचे, ते नसते घेतले तरी चाललं असतं. सरांनी एक पैसा घेतला नाही. दसऱ्याला काकूंना साडी नेली तर त्या रागावल्याच. मग रानातल्या वांग्यांची पिशवी नेली. ती ठेवून घेतली आणि त्याच संध्याकाळी भरीत खाऊ घातलं.

गुणपत्रक नोव्हेंबरमध्ये पोस्टाने आलं. आडनावाच्या जागी बाबांचंच नाव आहे. दुरुस्तीचा अर्ज, आधारची आणि पदवीच्या गुणपत्रकाची साक्षांकित प्रत जोडून, पोस्टाने पाठवलाय.